पर्वतीचा जिना आणि कचेरीचा जिना

पुण्याच्या दक्षिण अंगास पर्वतीची टेकडी आहे, हें महाराष्ट्रांतील शिकल्यासवरलेल्या कुटुंबांस सांगावयास नको. परंतु देवस्थान, पेशव्यांचें स्मारक आणि शहराची शोभा एवढेंच तिचें स्वरूप समजून जे पाहुणे टळटळीत दुपारीं पायथ्याशीं उतरतात, घाम पुशीत वर जातात आणि चार छायाचित्रें घेऊन परततात, त्यांस पर्वतीची खरी ओळख पटत नाहीं. ती पटावयाची तर पहांटे साडेपांचाच्या सुमारास पहिल्या पायरीशीं उभें राहिलें पाहिजे. आषाढ असला तर दगड ओले असतात, पौष असला तर तोंडांतून वाफ निघते. पण माणसांचा ओघ बाराहि महिने सारखाच. कानटोपी घातलेले, मफलर गुंडाळलेले, कॅनव्हासचे बूट चढविलेले, क्वचित् अनवाणी, असे लोक एकामागून एक वर निघालेले दिसतात. कोणी एकदांच चढून देवदर्शन घेऊन परततो, कोणी पांच-पांच फेऱ्या करतो. मोजदाद चुकूं नये म्हणून एक गृहस्थ उजव्या खिशांत चिंचोके घालून येतात आणि प्रत्येक फेरीस एक चिंचोका डाव्या खिशांत टाकतात. पायऱ्या नक्की किती, याबद्दल मात्र पुणेकरांचें एकमत होणें नाहीं. शंभराहून थोड्या अधिक, येथपर्यंत सारे एक. पुढें मधले टप्पे पायरींत धरावयाचे कीं नाहींत यावर वाद सुरू होतो आणि तो वर पोंचेपर्यंत पुरतो.

हा जिना मुद्दाम पाहण्यासारखा आहे. नानासाहेब पेशव्यांनीं येथील देवदेवेश्वराचें देऊळ बांधविलें तें इ. स. १७४९ च्या सुमारास. त्यांच्या मातोश्री काशीबाई यांस पायाचें दुखणें होतें, टेकडीवरील देवीला केलेल्या नवसानें तें बरें झालें आणि त्यावरून येथें देऊळ उभें राहिलें, अशी आख्यायिका आहे. पायाच्या दुखण्यावरून उभारलेल्या देवळास पायांनाच कामास लावणारा जिना लाभावा, ही गोष्ट मला मोठी समर्पक वाटते. पायऱ्या रुंद, ठेंगण्या आणि किंचित् उताराच्या आहेत. हत्ती-घोडीं वर जावीं अशा बेतानें त्या घडविल्या, असें सांगतात. त्यामुळें चढणाऱ्यास धाप लागते, पण त्याचा जीव घाबरा होत नाहीं. बोलत बोलत चढतां येतें. पानिपतच्या आघातानंतर १७६१ त नानासाहेबांनीं देह ठेवला तो याच टेकडीवर, आणि १८१७ त दुसऱ्या बाजीरावानें खडकीची लढाई पाहिली तीहि येथूनच. हा इतिहास वाचकांस पाठ आहे, म्हणून त्यांत अधिक शिरत नाहीं.

वर गेल्यावर उत्तरेच्या कठड्याशीं उभें राहावें. खालीं सारसबाग आणि तळ्यांतला गणपति, त्यापलीकडे दाटीनें बसलेल्या पेठा, पश्चिमेस वेताळ टेकडीची रांग, आणि हवा निवळ असली तर नैर्ऋत्येस सिंहगड. या सर्व पसाऱ्यांत जेवढ्या मोठ्या इमारती दिसतात, त्यांतील बऱ्याचशा इमारतींत माणसें दिवसभर बसून काम करतात. पुणें हें फार दिवसांपासून बसणाऱ्यांचें गांव आहे. पेशव्यांचें दफ्तर येथें होतें. पुढें कंपनी सरकारचा वसूल आला, लष्करी हिशेबाच्या कचेऱ्या आल्या, १९२८ त सिमल्याहून हवामान खात्याची कचेरी आली, बँका व विमाकंपन्या आल्या, आणि शेवटीं संगणकाच्या कंपन्यांनीं हिंजवडी-खराडीपर्यंत शहर ताणून नेलें. लेखणी जाऊन कळफलक आला, परंतु बसणें कायम राहिलें.

कायम राहिलें खरें, पण त्या दोन बसण्यांत अंतर आहे. जुना कारकून बैठकीवर मांडी घालून, समोर लिहिण्याची पेटी ठेवून बसे. जमिनीवरून उठणें म्हणजे आपल्या देहाचें सारें ओझें मांड्यांनीं उचलणें. तें त्यास दिवसांतून पंधरा-वीस वेळां तरी करावें लागे. नंतर मेज-खुर्ची आली तेव्हांहि तो नारायण पेठेंतून कचेरींत पायीं किंवा सायकलीवर जाई. पुण्याला सायकलींचें शहर म्हणत, तें अशाच लोकांच्या जिवावर. कागद हवा असला तर दफ्तरखान्यांत जाऊन रुमाल सोडावा लागे, साहेबांची सही हवी असली तर त्यांच्या खोलीबाहेर उभें राहावें लागे, आणि पाण्याचा माठ नेहमीं दूरच्या कोपऱ्यांत असे. हें सारें तो व्यायाम म्हणून करीत नव्हता. कोणी विचारलें असतें तर ‘आम्हां कारकुनांना कसला आला आहे व्यायाम!’ असेंच उत्तर त्यानें दिलें असतें.

माझा एक पुतण्या हिंजवडीस संगणकावर काम करतो. त्याची कचेरी पाहण्याचा योग मध्यंतरीं आला. पर्वतीपासून ती जागा वीसएक किलोमीटर असेल. पण सकाळीं आठास कंपनीच्या गाडींत बसलों तों तेथें पोंचावयास सवानऊ झाले. सव्वा तास बसणें, मग नऊ तास बसणें, मग पुन्हां तितकाच वेळ बसून परत येणें, असा त्याचा दिनक्रम. पाण्याची बाटली मेजावर, टपाल पडद्यावर, आणि दोन खुर्च्या सोडून बसलेल्या सोबत्यास कांहीं विचारावयाचें तर तेंहि पडद्यावरूनच. कचेरी पांचव्या मजल्यावर. प्रवेशद्वारांतून आंत शिरतांच चार उद्वाहनें लखलखत समोर उभीं. त्यांच्या भोंवतीं कुंड्या, संगमरवर, मंद दिवे. मी जिना कोठें आहे असें विचारलें, तेव्हां पहारेकरी क्षणभर गोंधळला. मग त्यानें एका वळणापलीकडचें जड लोखंडी दार दाखविलें. आगीच्या प्रसंगीं वापरावयाचा जिना तो हाच.

आम्ही दोघे त्या जिन्यानें निघालों. खिडकी नाहीं, मजल्यांचे आंकडे नाहींत. उंच, अरुंद पायऱ्या, ओल्या रंगाचा दर्प, आणि दुसऱ्या वळणावर रचलेले रिकामे खोके. तिसऱ्या मजल्यावर पुतण्या थांबला. त्याचें वय छत्तीस. कठड्याला धरून तो म्हणाला, “काका, दोन मिनिटें थांबा.” मी पासष्टीच्या घरांतला, मला थांबण्याची जरूरी भासली नाहीं, पण थांबलों. पांचव्या मजल्यावर पोंचलों तों दार आंतूनच उघडणारें! शेवटीं त्यानें सोबत्यास दूरध्वनि केला आणि आमची सुटका झाली. सारी कचेरी हंसली. त्या हंसण्यांत पुतण्याहि सामील होता, परंतु त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, तें मी पाहिलें.

तेव्हांपासून हे दोन जिने माझ्या मनांत शेजारीं शेजारीं उभे आहेत. पेशव्यांच्या गवंड्यानें जिना तोंडासमोर, उघड्या हवेंत, रुंद घडविला. येणाऱ्याला दुसरी वाटच दिसत नाहीं. आजच्या स्थपतीनें तो भिंतीमागें दडविला. मग कचेरींतील माणसें चढत नाहींत म्हणून त्यांस आळशी ठरविणें कितपत न्यायाचें? आपल्याकडे व्यायामाविषयीं जें जें लिहिलें जातें, त्यांत निश्चयावर फार भर असतो. माझें मत असें बनलें आहे कीं, माणूस हालतो तो बहुतांशीं मांडणीमुळें, आणि निश्चयामुळें थोडा.

याला पुरावाहि आहे, आणि तो जिन्यांचाच आहे. मात्र तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांत सांपडला. जेरी मॉरिस या वैद्यकीय संशोधकानें तेथील बसगाड्यांच्या नोकरांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९५३ त ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. एकाच गाडीवर दोन माणसें: चालक आपल्या पाळीपैकीं नऊदशांश वेळ बसून असे, आणि वाहक तिकिटें देण्यासाठीं दिवसाला पांचशें ते साडेसातशें पायऱ्या चढे. धनी एक, गांव एक, धूर एक. तरी हृदयविकाराचें प्रमाण वाहकांत कमी आढळलें. चालत व सायकलीवर पत्रें वांटणारे टपालवाले आणि त्याच खात्यांत मेजाशीं बसणारे कारकून यांच्यांतहि असाच फरक दिसला. साडेसातशें पायऱ्या म्हणजे पर्वतीच्या सात फेऱ्या. पण वाहक त्या पगारासाठीं चढत होता, प्रकृतीसाठीं नव्हे. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. १९५६ त मॉरिसनेंच या नोकरांच्या गणवेशाचीं मापें तपासलीं, तेव्हां चालकांच्या कंबरा वाहकांपेक्षां सर्व वयोगटांत मोठ्या निघाल्या. मुळांतच स्थूल असलेलीं माणसें चालकाची जागा पत्करीत असतील, असा संशय घ्यावयास त्यामुळें जागा राहिली. तथापि पुढील अनेक देशांतील संशोधनानें मूळ निष्कर्षाला बळकटीच आणली. मॉरिस स्वतः नियमानें व्यायाम करी आणि २००९ त वारला तेव्हां नव्याण्णव वर्षांचा होता.

पर्वती चढून वजन उतरतें अशी पुष्कळांची समजूत आहे. तिच्यासंबंधीं दोन शब्द. साठ किलो वजनाच्या माणसानें शंभर फूट उंची चढली तर सतरा-अठरा उष्मांक खर्च होतात. तूप न लावलेल्या एका पोळींत ऐंशी ते शंभर उष्मांक असतात. म्हणजे एवढ्या चढणीनें पोळीचा चतकोरसुद्धां धड जिरत नाहीं, आणि खालीं उतरून जे लोक समाधानानें मिसळ खातात त्यांचा जमाखर्च कधींच जुळणार नाहीं. चढण्याचा खरा लाभ दुसरा आहे. मांड्यांचे व कुल्ल्यांचे स्नायु देहांतील सर्वांत मोठे. ते कामास लागले म्हणजे रक्तांतील साखर शोषून घेतात. पोटऱ्या आंवळल्या म्हणजे पायांत सांचलेलें रक्त वर ढकललें जातें. हृदयाला, फुप्फुसांना नेहमींपेक्षां अधिक काम पडतें आणि त्या कामाची त्यांस संवय होते. उतरतांना मात्र गुडघ्यांवर भार अधिक येतो, म्हणून सावकाश उतरावें. आणि चढतांना छातींत दुखत असेल तर दुसरी फेरी करण्यापूर्वीं डॉक्टरांकडे जावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० त जी मार्गदर्शिका काढली, तींत प्रौढ माणसानें आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी असें सांगितलें आहे. दिवसाला वीस-बावीस मिनिटें धरलीं तरी खालची मर्यादा गांठतां येते. परंतु दिवसाकांठीं आठ-आठ तास बसणाऱ्यांस तेवढें पुरतें का? २०१६ त दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्र विचार करण्यांत आला. तींत असें दिसलें कीं, रोज तास-सवा तास भरभर चालण्यासारखी हालचाल करणाऱ्यांच्या बाबतींत दीर्घ बसण्यामुळें अकालीं मृत्यूचा जो धोका वाढतो, तो जवळजवळ नाहींसा होतो. म्हणजे बसण्याचें नुकसान भरून येतें, पण तें स्वस्तांत भरून येत नाहीं. दुसरा उपाय कचेरींतला. २०१२ च्या एका प्रयोगांत स्थूल माणसांस दर वीस मिनिटांनीं उठवून दोन मिनिटें चालविलें, तेव्हां जेवणानंतर त्यांची रक्तांतली साखर सतत बसून राहिल्यापेक्षां कमी चढली. पुतण्यानें हें ऐकून मेजावरची बाटली घरीं आणली आणि आतां तो पेल्यानें पाणी पितो. पेला लहान असल्यामुळें त्यास वारंवार उठावें लागतें. जिन्याचें दार बाहेरूनहि उघडावें म्हणून त्यानें अर्ज केला होता. सुरक्षिततेच्या कारणास्तव तें शक्य नाहीं, असें उत्तर आलें. खोके मात्र हलविले.

कचेरीची मांडणी आपल्या हातीं नाहीं, घराची आहे. पहांटेच्या त्या ओघांत कोण असतें तें जरा निरखून पाहावें. निवृत्त गृहस्थ पुष्कळ, दुकानदार बरेच, पोलीसभरतीसाठीं धांवणारीं मुलें कांहीं. ज्यांना दिवसभर खुर्चीवर बसावयाचें आहे अशीं तीस ते पन्नास वयाचीं माणसें थोडीं, आणि त्यांत स्त्रिया तर फारच थोड्या. ज्या येतात त्याहि घड्याळाकडे पाहत चढतात. कारण उघड आहे. साडेपांच ते सात हाच डब्यांचा, पिण्याच्या पाण्याचा, मुलांच्या शाळेच्या गाडीचा वेळ. आणि फिरून येणाऱ्या वडील मंडळींचा चहाहि त्याच वेळीं लागतो. एकाचें फिरणें दुसऱ्याच्या उभें राहण्यावर चाललेलें असतें.

माझ्या ओळखीच्या एका घरीं हा प्रश्न प्रत्यक्षच निघाला. घरांत आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडें. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. पर्वतीचा त्यांचा नेम चाळीस वर्षांचा. सून बँकेंत हिशेबाचें काम करते. गेल्या वर्षीं तपासणींत तिच्या रक्तांतली साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनीं रोज अर्धा तास तरी चालावयास सांगितलें. रात्रीं जेवणें झाल्यावर बोलणें निघालें, तेव्हां मी तेथें होतों.

आजी म्हणाल्या, “घरांत काय कमी चालणें होतें? आमच्या वेळीं कोण गेलें होतें टेकडीवर?”

हें पुष्कळ घरांत म्हटलें जातें. परंतु आजींच्या लहानपणीं घरांत जातें होतें, पाटा-वरवंटा होता, आडाचें पाणी होतें, धुण्याचा दगड होता. त्या श्रमांनीं दंड भरत आणि छाती फुलत असे. त्यांचें कौतुक करावें असें नाहीं, कारण त्यांत पुष्कळ बायका अकालीं थकल्या. तीं कामें यंत्रांनीं घेतलीं. ओट्याशीं उभें राहणें मात्र बाईकडेच राहिलें, आणि त्यानें पाय दुखतात, दम वाढत नाहीं.

आजोबा म्हणाले, “अगं, मग संध्याकाळीं जात जा कीं. तेव्हां वाराहि छान असतो.”

सून हळूच म्हणाली, “बाबा, मला घरीं यायलाच साडेसात होतात. मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. संध्याकाळ तुम्हांला मोकळी असते, मला नसते.”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मुलानें वर्तमानपत्र उघडलें. (त्यानें काय करावयास हवें होतें याविषयीं मला बरेंच म्हणावयाचें आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) सूर्यनमस्कार घरच्या घरीं घालावे, अशी सूचना मीं केली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं ज्यांचा एवढा प्रसार केला ते नमस्कार चटईभर जागेंत होतात, पावसाळ्यांतहि होतात, हें सर्व खरें. परंतु जो वेळ चटईला नाहीं तो टेकडीलाहि नाहीं, हें मला सुनेच्या चेहऱ्यावरून दिसलें.

चार-पांच दिवसांनीं आजोबा पहांटे पर्वतीवर दिसले नाहींत. प्रकृति बिघडली कीं काय म्हणून चौकशीला गेलों, तों ते नातवाचा हात धरून शाळेच्या गाडीची वाट पाहत कोपऱ्यावर उभे. सून फिरावयास गेली होती. त्यांनीं आपली पर्वती संध्याकाळीं पांचावर नेली होती, आणि सकाळचा चहा, पाणी व नातू आपल्याकडे घेतले होते. हा बदल त्यांस स्वस्त पडला असें कोणी समजूं नये. चाळीस वर्षांची सोबत सुटली. पहिल्या टप्प्यावर भेटणारे, राजकारणावर तंडणारे, एखादा दिवस चुकला तर घरीं निरोप धाडणारे असे सहा-सात जण होते. त्यांतले दोन गेले, बाकीचे पहांटेचेच. संध्याकाळीं पर्वतीवर तरुण जोडपीं असतात, भेळवाले असतात, मावळतीचें ऊन डोळ्यांवर येतें, आणि बोलावयास ओळखीचें कोणी नसतें. मंडळींनीं आरंभीं त्यांची थट्टाहि केली. एक जण म्हणाले, “या वयांत सुनेच्या हाताखालीं लागलां कीं काय?” आजोबा एवढेंच म्हणाले कीं, माझ्या पायांचें चाळीस वर्षांत जें व्हावयाचें तें भलें झालें आहे, तिचे पाय अजून पंचवीस वर्षें बँकेंत जायचे आहेत.

सून आतां आठवड्यांतून पांच दिवस जाते. प्रथम दोन टप्प्यांवर बसावें लागे. आतां न थांबतां तीन फेऱ्या करते आणि सात वाजतां घरीं असते. तीन महिन्यांनीं तपासणी झाली तेव्हां साखर थोडी उतरली होती. डॉक्टर म्हणाले, हेंच चालूं ठेवा. आजींचा विरोध मावळला आहे असें म्हणवत नाहीं, मात्र डबे भरण्याचें काम त्यांनीं आपण होऊन घेतलें. मुलगा अजून सहा वाजतां झोपलेलाच असतो. आणि आजोबांचा चहा पहिला महिनाभर तोंडांत धरवत नव्हता, असें आजी सांगतात. हल्लीं आलें किती किसावें हें त्यांस समजूं लागलें आहे.